संशोधनासाठी क्लाउड भाड्याने घेताना: कामाचा क्रम, बिलाचं गणित आणि शेवटी सगळं नीट बंद करणं

दर वर्षी मार्च उजाडला की पीएचडी करणारं कुणी ना कुणी उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्या टेबलाशी येतं. स्क्रीनवर क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशीनचं, बिल असतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर, मशीन तर मी बंद केलं होतं.’ ते खरंच बंद केलेलं असतं. पण त्याला जोडलेली डिस्क, तिच्या प्रती आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता (इंटरनेटवर मशीन ज्याने सापडतं तो क्रमांक) या सगळ्यांचं भाडं चालूच राहिलेलं असतं.

पूर्वी विभागात सर्व्हर आला की पैशाचा विषय एकदाच निघायचा. एखादा प्रोग्रॅम चुकून आठवडाभर फिरत राहिला, तर फार तर शेजारच्याची बोलणी बसायची. क्लाउडवर त्याच चुकीला तासाचा दर लागतो, आणि तो प्रकल्पाच्या पैशातून किंवा विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. मी पाहिलेल्या बहुतेक चुका तांत्रिक नाहीत, त्या क्रमाच्या आहेत. लोक आधी खातं उघडतात, मग डेटा चढवतात, मग काय चालवायचं ते ठरवतात, आणि बंद करण्याचा विचार बिल आल्यावर करतात. हा क्रम उलटा करायचा आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एखादा गाळलात तर तो पुढे कुठेतरी आडवा येतोच.

## टप्पा १: क्लाउड हवाच आहे का, हे आधी ठरवा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. काम एकूण किती तासांचं आहे? ते रोजचं आहे की वर्षातून दोन-चार वेळाच लागणारं? आणि लॅपटॉपवर ते नेमकं कुठे अडतंय: मेमरीत, वेळेत की जीपीयूत (एकाच वेळी असंख्य गणितं करणाऱ्या चिपमध्ये)?

काम अधूनमधून येणारं पण मोठं असेल, तर क्लाउड योग्य. उदाहरणार्थ, वर्षातून दोन आठवडे ५०० जीबी रॅमचं मशीन हवं आणि बाकी वर्षभर काही नको. पण एकच जीपीयू दोन वर्षं दिवसरात्र चालणार असेल, तर गणित उलटं फिरतं. तासाला १०० रुपये ऐकायला थोडे वाटतात. महिन्याचे तास भरतात ७३०. म्हणजे महिन्याला ७३,००० आणि दोन वर्षांत साडेसतरा लाख. एवढ्या पैशात विभागाचं स्वतःचं मशीन उभं राहतं आणि प्रकल्प संपल्यावरही कामाला येतं.

खातं उघडण्याआधी आणखी तीन दारं ठोठवा.

पहिलं, राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनमधली मशीन. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे आणि सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय. आपल्या मार्गदर्शकांमार्फत वेळ मिळेल का, अशी एक ईमेल पाठवायला काहीच लागत नाही. तिथे रांग असते, पण ज्याला घाई नाही त्याने रांगेत उभं राहावं.

दुसरं, केंद्र सरकारचं इंडियाएआय मिशन. त्यात पात्र विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना जीपीयूच्या खर्चावर ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय आहे.

तिसरं दार आपल्याच इमारतीत असतं आणि तेच सगळे विसरतात. शेजारच्या विभागातलं वर्कस्टेशन रात्री रिकामं असतं का, ते विचारा.

तपासा: ‘हे काम क्लाउडवरच का?’ याचं उत्तर दोन वाक्यांत लिहिता येतंय का? पुढे मंजुरीच्या फाइलला हीच दोन वाक्यं लागतात.

## टप्पा २: डेटा कुणाचा, किती आणि आत्ता कुठे आहे?

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. इथली चूक नंतर पैसे भरूनही दुरुस्त होत नाही.

कुणाचा. डेटात माणसं असतील तर थांबा. रुग्णांच्या नोंदी, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, घरोघरचं सर्वेक्षण, शाळेतल्या मुलांचे गुण, हे सगळं त्यात आलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. जैववैद्यकीय संशोधनाला आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. तुमचं संमतिपत्र बाहेर काढा. ‘माहिती विभागातल्या कुलूपबंद कपाटात राहील’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर ती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याआधी नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. समितीची बैठक रोज भरत नाही, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी.

नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक काढून टाकले म्हणजे माणूस लपला, असं समजू नका. गाव तीनशे उंबऱ्यांचं असेल, तर ‘स्त्री, वय ७२, डायलिसिस चालू’ एवढ्यावरून गावातलं कुणीही बोट दाखवेल. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका घ्या. सांकेतिक क्रमांक आणि खरी नावं जोडणारी फाइल क्लाउडवर कधीच चढवू नका. ती विभागातच ठेवा. ज्या बाईंनी ओट्यावर बसवून, चहा देऊन आपल्या आजाराबद्दल सांगितलं, त्यांनी ते तुम्हाला सांगितलं होतं.

किती. ‘खूप आहे’ हे उत्तर नाही. जीबीमध्ये आकडा लिहा: कच्चा डेटा किती, मधल्या फाइली किती, अंतिम निकाल किती. बहुतेक कामांत मधल्या फाइली कच्च्या डेटापेक्षा जास्त जागा खातात आणि त्यांचाच हिशेब राहून जातो.

कुठे. सार्वजनिक डेटा अनेकदा क्लाउडवर आधीपासूनच असतो. एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातल्या उसाच्या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं एकेक करून उतरवायला घेतली. एक टाइल, म्हणजे चित्राची एक चौकट, साधारण ११० किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद, दर पाच दिवसांनी नवं चित्र, चित्रामागे पाऊण ते एक जीबी. दहा टाइल आणि तीन वर्षं धरली तर जवळजवळ दोन हजार दोनशे चित्रं होतात, म्हणजे दोन टीबीच्या घरात. ती सगळी मुंबईतल्या स्टोरेजमध्ये साठवायची आणि मग त्यातून वनस्पती निर्देशांक (पिकाची हिरवाई सांगणारा आकडा) काढायचा, असा तिचा बेत होता.

हीच चित्रं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, अमेरिकेतल्या ओरेगन विभागात (विभाग म्हणजे इथे एका ठिकाणचा डेटा केंद्रांचा समूह), सार्वजनिक साठ्यात आहेत. त्यांची मांडणी अशी आहे, की अख्खी फाइल न उतरवता हवी तेवढी चौकट आणि हव्या तेवढ्या पट्ट्या (प्रकाशाच्या एकेका रंगाचे थर) वाचता येतात. निर्देशांकाला लाल आणि निकट-अवरक्त या दोनच पट्ट्या लागतात. मशीन ओरेगनमध्ये घेतलं, गणना तिथेच केली आणि घरी आणले ते फक्त तालुकावार आकडे. ती फाइल ईमेलला जोडता येईल एवढी लहान होती.

डेटा जिथे आहे तिथे मशीन घ्या. मशीन जिथे आहे तिथे डेटा ओढत नेऊ नका. आपल्या डेटासाठी देशातलाच विभाग हवा असेल तर पर्याय आहेत: अ‍ॅमेझॉनचे मुंबई आणि हैदराबाद, गूगलचे मुंबई आणि दिल्ली, आणि मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’, जो प्रत्यक्षात पुण्यात आहे.

सावधान: जुन्या साठ्यांपैकी काहींवर ‘मागणाऱ्याने भरायचं’ असा नियम असतो. तिथून डेटा घेतलात की वाहतुकीचं बिल तुमच्या खात्यावर येतं. साठ्याच्या पानावर ही अट आधी वाचा.

## टप्पा ३: घरच्या मशीनवर छोटी मोजणी

एकूण डेटातला शंभरावा भाग घ्या आणि आपल्याच मशीनवर पूर्ण काम पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा. चार आकडे टिपून ठेवा: लागलेला वेळ, मेमरीचा सर्वोच्च वापर, मधल्या फाइलींची जागा आणि निकालाची जागा. मग दुप्पट नमुना घेऊन पुन्हा चालवा. वेळही साधारण दुप्पट झाला तर शंभरपटीचा अंदाज बांधता येतो. चौपट झाला तर तुमच्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी गडबड आहे आणि ती मोठं मशीन घेऊन सुटणार नाही.

लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. पण इथे सापडलेली चूक फुकट सापडते.

तपासा: नमुन्याचं काम मध्येच तोडून पुन्हा सुरू केलंत, तर ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं की पहिल्यापासून? पहिल्यापासून जात असेल तर आत्ताच दुरुस्त करा. टप्पा ७ मध्ये हे लागणार आहे.

## टप्पा ४: अंदाजपत्रक, आणि त्यात हमखास विसरल्या जाणाऱ्या ओळी

बहुतेक अंदाजपत्रकांत एकच ओळ असते: मशीनचा दर गुणिले तास. खरं बिल किमान सहा ओळींचं असतं.

मशीनचे तास टप्पा ३ वरून काढा आणि त्यांना तीनने गुणा. तीन हा माझ्या अनुभवाचा आकडा आहे. पहिल्यांदा चुकतं, दुसऱ्यांदा चालतं, आणि तिसऱ्यांदा परीक्षक सांगतात म्हणून पुन्हा करावं लागतं.

बाकीच्या ओळींसाठी अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागाचे दर उदाहरणादाखल घेतो. डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. तुम्ही बघाल त्या दिवशी दर आणि डॉलर दोन्ही पुन्हा तपासा.

साठवण: बकेटमधल्या (क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारातल्या) साध्या साठवणीला जीबीमागे महिन्याला साधारण अडीच सेंट पडतात. एक टीबी म्हणजे महिन्याला २,२५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,६५५. ‘पीएचडी होईपर्यंत राहू दे’ म्हटलं आणि तीन वर्षं गेली तर ९५,५८०. एक टीबीची हार्ड डिस्क किती हजारांना मिळते हे सगळ्यांना माहीत आहे.

मशीनला जोडलेली डिस्क: हिचा दर बकेटच्या तिपटीहून जास्त असतो. ५०० जीबीची साधी एसएसडी महिन्याला सुमारे ४,१०० रुपये घेते, आणि मशीन बंद असलं तरी घेतच राहते.

डेटा बाहेर नेणं: आत आणायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात. जीबीमागे साधारण ११ सेंट. एक टीबी घरी आणायचा तर जीएसटीसह साडेअकरा हजारांच्या आसपास. महिन्याचे पहिले १०० जीबी माफ असतात. म्हणून निकाल लहान असतील तर हा खर्च जाणवत नाही, आणि कच्चा डेटा परत आणायचा झाला तर जबर बसतो.

सार्वजनिक आयपी पत्ता: २०२४ च्या फेब्रुवारीपासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं. महिन्याला सव्वातीनशे रुपये. लहान रक्कम आहे, पण विसरलेले पाच पत्ते सापडलेलं खातं मी पाहिलं आहे.

शेवटी जीएसटी, आणि डॉलर वर गेला तर म्हणून दहा टक्के वेगळे.

नेहमीची चूक: प्रस्तावात क्लाउडचा खर्च ‘उपकरणे’ या शीर्षाखाली टाकणं. क्लाउड हे उपकरण नव्हे, सेवा आहे. तो खर्च आवर्ती शीर्षात जायला हवा, शक्यतो स्वतःच्या वेगळ्या ओळीत. उपकरणांचा पैसा नंतर सेवेकडे वळवायला निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते आणि त्यात एक सत्र सहज निघून जातं.

## टप्पा ५: पैसे कसे भरायचे, हे लेखा विभागाला आधी विचारा

महिन्याचं बिल दर वेळी वेगळं येतं, आणि आपली खरेदीची पद्धत ठरलेल्या किमतीच्या वस्तूसाठी बनलेली आहे. म्हणून लेखा विभागाशी आधी बसून बोला. केंद्राच्या निधीला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदीचा प्रश्न येतो. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने यादीत घेतलेले क्लाउड पुरवठादार आहेत. तुमच्या विद्यापीठाचा एखाद्या पुरवठादाराशी आधीच करार असू शकतो. दुसऱ्या विभागाने केलेला करार तुम्हालाही चालतो का, ते विचारा.

बिल संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या जीएसटी क्रमांकावर यायला हवं. विद्यार्थ्याच्या नावाचं बिल उपयोगिता प्रमाणपत्रात लावताना प्रश्न निघतातच.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. प्रयोगशाळेच्या कामासाठी विद्यार्थ्याचं स्वतःचं कार्ड वापरू नका. ‘आत्ता भर, नंतर परतावा मिळेल’ असं सांगितलं जातं. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि तीही अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा येते. गणपतीच्या सुट्टीत गावी गेलेल्या एका मुलाचं जीपीयू मशीन दहा दिवस चालू राहिलं आणि त्याची दोन महिन्यांची छात्रवृत्ती त्यात गेली. तो कुणाला सांगेना. सहा आठवडे मेसच्या पैशातून वाचवून तो हप्ते भरत होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पात त्याच कामासाठी पैसे शिल्लक होते.

कार्डाची तांत्रिक अडचणही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५,००० रुपयांवरची आपोआप कापली जाणारी रक्कम प्रत्येक वेळी स्वतः मंजूर करावी लागते. तशी मंजुरी दिली नाही तर पैसे जात नाहीत आणि खातं थकबाकीत जातं. खातं फार काळ थकलं तर डेटाही हातचा जाऊ शकतो.

कंपन्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना मोफत श्रेय रक्कम (क्रेडिट) देतात. जरूर अर्ज करा. मायक्रोसॉफ्टची विद्यार्थ्यांसाठीची १०० डॉलरची योजना कार्डाशिवाय मिळते. गूगल आणि अ‍ॅमेझॉनच्या संशोधन श्रेयासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. श्रेयाला मुदत असते, आणि ते संपलं की खात्याला कार्ड जोडलेलं असल्यास मीटर गुपचूप तिकडे वळतं. दुसरं, फुकटच्या काळात दोन टीबी आत नेलेत, तर मुदत संपल्यावर ते ठेवायलाही पैसे आणि परत आणायलाही पैसे. म्हणून श्रेय आलं त्याच दिवशी त्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या महिनाभर आधी टप्पा ९ सुरू करा.

सावधान: मार्च महिन्याचं बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतं. प्रकल्प ३१ मार्चला संपत असेल, तर ते बिल भरायला शीर्षच उरत नाही. मोठं काम फेब्रुवारीअखेर थांबवा. शेवटचं बिल प्रकल्प जिवंत असतानाच हातात यायला हवं.

## टप्पा ६: खातं उघडणं आणि कुंपण घालणं

खातं विभागाच्या किंवा प्रयोगशाळेच्या कायमच्या ईमेल पत्त्यावर उघडा. विद्यार्थ्याच्या पत्त्यावर उघडलं, तर तो पदवी घेऊन गेला की खात्याची चावीही त्याच्याबरोबर जाते. मग, एकही मशीन सुरू करण्याआधी, याच क्रमाने:

१. मूळ मालकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. ते रोजच्या कामाला वापरू नका.

२. प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. एकच पासवर्ड पाच जणांत फिरला, तर मशीन कुणी चालू ठेवलं हे कधीच कळत नाही.

३. खर्चाच्या सूचना लावा: ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर. त्या विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांनाही जाऊ द्या.

४. प्रत्येक वस्तूला लेबल लावायची सवय आजच ठरवा: प्रकल्पाचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, पुसायची तारीख. ही तिसरी माहिती कुणी लिहीत नाही आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी पडते.

५. जीपीयू लागणार असेल तर कोट्याचा, म्हणजे किती घेता येतील त्या मर्यादेचा, अर्ज आजच करा. नव्या खात्यात जीपीयूचा कोटा बहुधा शून्य असतो. मंजुरीला दिवस लागतात, आणि परिषदेच्या अंतिम मुदतीच्या आदल्या रात्री ती मिळत नाही.

६. मशीनचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. प्रवेश विद्यापीठाच्या नेटवर्कपुरता ठेवा. बकेट सार्वजनिक नाही ना, ते डोळ्यांनी पाहून खात्री करा.

सगळ्यात महाग गैरसमज: ‘बजेट लावलं, म्हणजे त्याच्यापुढे खर्च होणार नाही.’ तसं नाही. ती फक्त सूचना आहे, ती मशीन थांबवत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा दिसतात. संध्याकाळी आलेली सूचना सकाळच्या खर्चाबद्दल बोलत असते. खरं कुंपण हवं असेल, तर मशीन ठरावीक वेळेनंतर किंवा काही काळ रिकामं राहिल्यावर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था मशीन बनवतानाच करा.

क्लाउड खात्याची गुप्त चावी प्रोग्रॅमच्या नोटबुकच्या पहिल्या ओळीत लिहून ती फाइल गिटहबवर (प्रोग्रॅम ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकणं, ही दुसरी महाग चूक. अशा चाव्या शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. चुकून चावी गेलीच, तर नुसती फाइल पुसून भागत नाही, जुनी आवृत्ती तिथेच राहते. आधी चावी रद्द करा, मग बाकीचं.

## टप्पा ७: प्रत्यक्ष काम चालवणं

सुरुवात सर्वांत लहान मशीनवर करा. सॉफ्टवेअर बसवणं, फाइलींचे मार्ग तपासणं, परवानग्या लावणं, हे सगळं स्वस्त मशीनवर होतं. तासाला तीनशे रुपयांच्या जीपीयूवर बसून सॉफ्टवेअर लायब्ररीच्या आवृत्त्या जुळवत बसू नका. वातावरण तयार झालं की ते कंटेनरमध्ये (सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या गाठोड्यात) किंवा आवृत्त्यांच्या यादीत बांधून ठेवा आणि मग मोठ्या मशीनवर न्या. तिथेही पहिल्यांदा टप्पा ३ चाच छोटा नमुना चालवा. निकाल घरच्याशी जुळला तरच पूर्ण डेटा.

खर्च वाचवायचा तर स्पॉट मशीन उत्तम. कंपनीकडे पडून असलेली क्षमता मोठ्या सवलतीत मिळते, कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत. अट एकच: कंपनीला गरज पडली की ती मशीन काढून घेते. अ‍ॅमेझॉन दोन मिनिटं आधी सांगतं, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट साधारण ३० सेकंद. तीस सेकंदांत मोठं मॉडेल डिस्कवर उतरत नाही, म्हणून सूचनेच्या भरवशावर राहू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी प्रगती मशीनबाहेरच्या बकेटमध्ये साठत राहील असं करा. मशीनच्या आतल्या तात्पुरत्या डिस्कवर साठवलंत, तर मशीनबरोबर तेही जातं.

तपासा: पूर्ण काम सोडण्याआधी मशीन स्वतः मुद्दाम बंद करा आणि नव्या मशीनवर काम पुढे सुरू करून दाखवा. हे जमलं तरच रात्री झोपा.

पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा, कागदाचीही चालेल. तारीख, विभाग, मशीनचा प्रकार, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, डेटाची आवृत्ती, लागलेले तास. शोधनिबंधाच्या पद्धती विभागात हे लिहावं लागतं, आणि सहा महिन्यांनी परीक्षकांनी विचारल्यावर आठवत नाही.

## टप्पा ८: रोज सकाळी पाच मिनिटं

चालू मशीनची यादी आणि कालचा खर्च, एवढंच पाहायचं. अ‍ॅमेझॉनवर यादी विभागवार दिसते, म्हणून ओरेगनमध्ये चालू राहिलेलं मशीन मुंबईच्या पानावर दिसत नाही. सगळे विभाग पाहा. ज्याचं लेबल नाही त्या मशीनबद्दल गटात विचारा. हे काम आठवड्याला एकाकडे द्या. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

## टप्पा ९: बंद करणं

बंद करणं आणि पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅमेझॉन आणि गूगलवर मशीन थांबवलं की मशीनचं भाडं थांबतं, पण डिस्कचं चालू राहतं. मायक्रोसॉफ्टवर आणखी एक खोच आहे. मशीनच्या आत जाऊन शटडाउन केलंत, तर ते ‘थांबलेलं’ दिसतं आणि भाडं चालूच राहतं. पोर्टलवरूनच थांबवायचं आणि ‘डीअ‍ॅलोकेटेड’ हा शब्द दिसेपर्यंत पान सोडायचं नाही.

पुसण्याचा क्रम असा:

१. निकाल, प्रोग्रॅम, वही आणि नोंदी घरी आणा. फाइली उतरल्या म्हणजे नीट उतरल्या असं नाही. दोन्हीकडचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळवून पाहा.

२. तिसऱ्या माणसाला ती प्रत उघडायला सांगा. ज्याने काम केलं त्याला सगळं आठवत असतं, म्हणून त्याला उणीव दिसत नाही.

३. प्रकाशित करण्याजोगा डेटा योग्य संग्रहात द्या. जैविक डेटासाठी फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. इतर विषयांना झेनोडोसारखा खुला संग्रह चालतो, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते. कंपनीच्या बकेटचा पत्ता शोधनिबंधात देऊ नका. खातं बंद झालं की तो पत्ता मेला, आणि वाचणारा तुमच्या दाराशी येऊन परत जातो.

४. आता पुसा: मशीन, मग सुटी पडलेली डिस्क, मग स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), राखलेले आयपी पत्ते, बकेट. नंतर जोडलेली डिस्क मशीनबरोबर आपोआप पुसली जात नाही, हे ध्यानात असू द्या. बहुतेक ‘भुताची बिलं’ तिथूनच येतात.

५. मानवी डेटा असेल, तर पुसल्याची तारीख आणि पुसणाऱ्याचं नाव नैतिकता समितीच्या फाइलला लावा.

काही डेटा वर्षानुवर्षं ठेवायचाच असेल, तर थंड साठवणीचा (क्वचितच उघडायच्या फाइलींचा) वर्ग स्वस्त पडतो. पण अ‍ॅमेझॉनच्या सर्वांत स्वस्त वर्गात किमान १८० दिवसांचं भाडं लागतंच, आधी पुसलं तरी. आणि फाइल परत मागितल्यावर हातात यायला १२ तासांपर्यंत, आणि स्वस्त पर्यायात ४८ तासांपर्यंत लागू शकतात. मौखिक परीक्षेच्या सकाळी तिच्यावर अवलंबून राहू नका.

कंपनी कायमची सोडून सगळा डेटा बाहेर न्यायचा असेल, तर २०२४ पासून तिन्ही मोठ्या कंपन्या बाहेर नेण्याचं शुल्क माफ करतात. पण आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत डेटा हलवावा लागतो. आधी डेटा उतरवून नंतर माफी मागणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

सगळं पुसून झाल्यावर खातं लगेच विसरू नका. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बिल पुन्हा उघडा. आकडा शून्य हवा. नसेल तर बिलातली सेवावार फोड उघडा आणि प्रत्येक ओळीपुढचा विभाग पाहा. राहिलेली वस्तू बहुधा अशा विभागात सापडते, जिथे तुम्ही एकदाच, नमुना चालवून बघायला गेला होतात.